दोन हजारांवरून पाचशेवर

एकगठ्ठा मेल पाठवण्याची सेवा देणाऱ्या मेलचिंपच्या मोफत खात्यात एकेकाळी दोन हजार ग्राहकांचे पत्ते ठेवता येत. 2023 मध्ये ती मर्यादा पाचशेवर आली आणि महिन्याला फक्त हजार मेल पाठवण्याची मुभा उरली. अमेरिकेतल्या अटलांटाच्या या कंपनीने दर बदलले, तर वसईतल्या वालीव-सातिवलीच्या गाळेवाल्याचे काय बिघडले, असे कुणी विचारील. बरेच बिघडले. बेन चेस्टनट आणि डॅन कुर्झियस यांनी 2001 मध्ये सुरू केलेल्या या सेवेच्या पहिल्या आठ वर्षांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. 2009 मध्ये तिने लहान धंद्यांसाठी मोफत खाते सुरू केले, आणि तिथून पुढचे दशक मला आजही मोलाचे वाटते. मोठ्या कंपनीचा जाहिरात विभाग जे साधन वापरी, तेच अर्नाळ्याच्या रिसॉर्टवाल्याला किंवा सुकेळी विकणाऱ्या वसईकराला एक पैसा न देता मिळू लागले. मेल किती जणांनी उघडला, कुठल्या दुव्यावर बोट ठेवले, कुणाला पुढचे पत्र नको आहे, हे सगळे त्याला दिसू लागले. मुख्य म्हणजे ग्राहकांची यादी त्याच्या मालकीची राहिली. हवी तेव्हा फाइल उतरवून घ्यावी आणि दुसरीकडे जावे.

मेलचिंपची पडझड हिशेबाची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इंट्युइटने सुमारे 12 अब्ज डॉलरना ही कंपनी घेतली तेव्हा, 2021 मध्ये सुरू झाली, असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. 2019 मध्येच, संस्थापकांच्या हाती कारभार असताना, यादीतून बाहेर पडलेल्या माणसांचीही गणना मर्यादेत होऊ लागली. ज्यांना मेल जातच नाही, त्यांचेही पैसे द्यायचे, नाहीतर ती नावे स्वतः बाजूला काढत बसायचे. धंदा म्हणजे धर्मादाय नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. मेल पोचवायला खर्च येतो, फुकट खात्यांतून कचरा पाठवणारेही असतात. पण न पाठवलेल्या मेलचा खर्च कसला? नंतर 2024 च्या फेब्रुवारीत टायनीलेटर ही वृत्तपत्रे मेलने पाठवण्याची साधी, सुंदर सेवाही याच कंपनीने बंद केली. इंट्युइटने त्याआधीच, 2023 मध्ये, आपले हिशेबाचे सॉफ्टवेअर क्विकबुक्स भारतातून गुंडाळले होते. इथला छोटा व्यापारी त्यांच्या हिशेबात कुठे बसतो, हे त्यावरून कळते.

दुसरा आक्षेप अधिक जोरदार आहे: वसई-विरारमध्ये मेल वाचतो कोण, सगळे व्हॉट्सअॅपवर आहेत. 2018 मध्ये व्हॉट्सअॅप बिझनेस आले आणि दुकानदार तिकडे वळले हे खरे. उत्तर पटकन येते, फोटो दिसतो. तरी जीएसटी नोंदणीला ईमेल लागतोच, आणि वसई पूर्वेच्या गाळ्यांतली कोटेशने, खरेदीच्या ऑर्डरी अजून मेलनेच फिरतात. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला संदेश तर ज्याने तुमचा नंबर जतन केला आहे त्यालाच पोचतो, आणि खाते बंद पडले की यादीही गेली. मेलच्या फाइलचे तसे नाही. चेन्नईची झोहो हीच सेवा रुपयांत देते, आणि मेलचिंपमधून उतरवलेली यादी तिथे जशीच्या तशी चढते. वसईच्या औद्योगिक वसाहतींतल्या संघटनांनी सभासदांना एवढे शिकवायला एक दुपार पुरेल. ती त्यांनी अजून का काढू नये, याचे उत्तर मला सापडत नाही.