मांस-मत्स्य अवशेषांपासून बायोगॅस : प्रमाणाचा प्रश्न

मालवणच्या बाजारात मासळीची विक्री आटोपली की मागे डोकी, कल्ले, खवले आणि आतडी उरतात. मटण व कोंबडीच्या दुकानांतून रक्त, चरबी, पिसे आणि कोथळा निघतो. सिंधुदुर्गातील पुष्कळशी वस्ती विहिरींच्या पाण्यावर अवलंबून आहे. जांभ्याच्या सच्छिद्र भूमीत असे अवशेष पुरल्यास त्यांचा पाझर विहिरीपर्यंत पोहोचण्याचे भय राहते. साहजिकच, ते गोबरगॅसच्या कुंडीत का घालू नयेत, असा प्रश्न उपस्थित होतो. कुडाळ तालुक्यातील झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानासारख्या संस्थांच्या प्रयत्नाने या जिल्ह्यात घरोघरी बायोगॅस संयंत्रे झालीच आहेत. कुजणाऱ्या मळापासून इंधन मिळविण्याची कल्पनाही महाराष्ट्राला नवी नव्हे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ च्या सुमारास मैल्यापासून निघणारा वायू उपयोगात आणला गेला होता.

वायूच्या दृष्टीने पाहता हा माल शेणाहून कितीतरी सकस आहे. सैद्धांतिक हिशेबाने एक किलो वसेपासून सुमारे एक घनमीटर, प्रथिनांपासून अर्धा आणि पिष्टमय पदार्थांपासून सुमारे ०.४ घनमीटर मिथेन मिळू शकतो. परंतु अडचण उद्भवते ती नेमकी या सकसपणातूनच.

मिथेन निर्माण करणाऱ्या, हवेवाचून जगणाऱ्या जंतूंना कर्ब व नत्र यांचे प्रमाण साधारणपणे २० ते ३० असलेले मिश्रण मानवते. शेणात ते २५ च्या आसपास असते. माशांच्या अवशेषांत जेमतेम पाच, रक्तात त्याहूनही कमी. १०० किलो ताज्या शेणात ७.५ किलो कर्ब व ०.३ किलो नत्र धरू. त्यात १० किलो मासळीचे अवशेष मिसळले, तर १.३ किलो कर्बाबरोबर ०.२४ किलो नत्रही येते, आणि मिश्रणाचे प्रमाण एकदम १६ वर उतरते. वजनाने दहावा हिस्सा माल, पण नत्र जवळजवळ दुप्पट! याच मिश्रणात १० किलो भाताचा पेंढा बारीक कापून घातल्यास प्रमाण पुन्हा २१ पर्यंत चढते. अर्थात हे समाधान कागदावरचे आहे. पेंढ्यातील पुष्कळसा कर्ब काष्ठमय घटकांत अडकलेला असल्याने जंतूंच्या हाती सावकाश लागतो, आणि पेंढा वर तरंगून साय धरतो तो त्रास निराळाच.

अधिक नत्राचा अमोनिया होतो. त्यातील मुक्त अमोनिया जंतूंना विषारी असून उष्णतेने व अल्कधर्मीपणाने त्याचा अंश वाढतो. म्हणजे कोकणची जी ऊब एरवी कुंडीला उपकारक, तीच येथे अपायकारक ठरू शकते. चरबीची गोष्ट वेगळी. तिच्यापासून सुटणारी दीर्घ-शृंखल वसाम्ले जंतूंच्या पृष्ठभागाला चिकटून त्यांचे कार्य मंद करतात. आम्लता साचते, वायूतील मिथेन घटतो आणि चुलीची ज्योत विझू लागते. ज्या घरात दुसरे इंधन नाही तेथे ही नुसती प्रयोगशाळेतील नोंद राहत नाही. मासळी खाऱ्या पाण्यात धुतलेली असल्यास मिठाची भर पडते, ती वेगळीच.

सर्वच अवशेष एका तोलाचे नाहीत. कोथळ्यातील अर्धपचित चारा शेणाच्याच जातीचा असल्याने निर्धास्तपणे घालता येतो. पिसांतील केराटीन मात्र दीर्घकाळ तसेच राहते, आणि हाडेही तळाशी साचतात. ती आधीच वेगळी काढावीत. युरोपीय संघाच्या नियमांनुसार बायोगॅससाठी घ्यावयाचे बरेचसे प्राणिज अवशेष १२ मिलिमीटरपर्यंत बारीक करून ७० अंश सेल्सिअसवर तासभर तापवावे लागतात. स्वीडनमधील लिंकोपिंग येथे खाटीकखान्याच्या अवशेषांपासून मिळालेल्या वायूवर शहरातील बसगाड्या चालल्या. २००५ मध्ये आगगाडीही धावली. तेथील मोठ्या कारखान्याला तापविण्याची ही सोय परवडते, घरगुती कुंडीला नाही. म्हणून बाजाराजवळ तापविण्याची व दळण्याची सोय असलेले सामाईक संयंत्र अधिक युक्त दिसते.

त्याच्यापुढेही ऋतूचा प्रश्न उरतोच. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि बाजारातील अवशेष एकदम घटतात. बंदी उठल्यावर दोन महिने शेणावर राहिलेल्या जंतूंवर पूर्ण मात्रा एकाच दिवशी लादल्यास कुंडी आंबते. ती काही आठवड्यांत थोडीथोडी वाढवीत न्यावी लागते, आणि तोवर उरलेल्या मासळीच्या घाणीची व्यवस्था नारळाच्या आळ्यात खत म्हणून करावी लागते.