जुन्या काचेच्या हंडीचा कारखानदार कसा ओळखावा?

सिंहस्थ जवळ आला की त्र्यंबकेश्वरात यात्रेकरूंसाठी जुन्या घरांच्या खोल्या रिकाम्या होऊ लागतात आणि माळ्यावरच्या काचेच्या हंड्या, झुंबरे, शोभेचे दिवे खाली उतरतात. कापडाच्या वसुलीसाठी आमचे तिकडे जाणे असते, म्हणून हा सौदा आम्ही जवळून पाहतो. भंगारवाला पितळेचा भाव किलोवर देतो आणि काच फुकटात नेतो. दुसरीकडे फिरोजाबादची नवी हंडी कोणी 'अस्सल बेल्जियम' म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो.

'बेल्जियमची काच' हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. बेल्जियममध्ये १८२६ साली व्हाल सँ लँबेर हा मोठा कारखाना निघाला हे खरे. पण हिंदुस्थानात फानूस आणि झुंबरे बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीचीही येत. कलकत्त्याला तिची पेढी होती. बोहेमियाचा मालही आला.

थानाच्या टोकाला गिरणीचा छाप असतो, तसा काचेवर सहसा नसतो. कित्येक कारखाने कागदी चिठ्ठी चिकटवत आणि ती धुण्यात निघून जाई. फ्रान्सच्या बाकाराने प्रत्येक नगावर कोरीव खूण टाकायला सुरुवात केली ती १९३६ पासून. तेव्हा खूण नाही म्हणून माल खोटा, असे समजू नये.

आधी धातू पाहावा. छताकडची पितळी टोपी, कड्या, वातीची चावी स्वच्छ पुसून भिंगाखाली धरावी. ऑस्लरच्या काही झुंबरांवर नाव धातूवरच ठोकलेले असते. मात्र येथे एक फसगत आहे. चावीवर 'हिंक्स' असे नाव दिसले तर ते बर्मिंगहॅमच्या बर्नरवाल्याचे. वरची काच दुसऱ्याची असू शकते. कोटाच्या बटणावरील नावावरून कापडाची गिरणी ठरत नाही!

विलायती मालावर चौकोन टोकावर उभा केल्यासारखी खूण असेल, तर त्या नक्षीची नोंद १८४२ ते १८८३ या काळातली. १८८४ पासून 'आरडी' ही अक्षरे आणि पुढे आकडा येऊ लागला. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील नोंदवह्यांत त्यावरून नोंद करणाराचे नाव सापडते. ती तारीख नक्षीच्या नोंदीची. नग पुढे कित्येक वर्षांनीही बनलेला असू शकतो. 'चेकोस्लोव्हाकिया' असे लिहिलेला माल १९१८ च्या आधीचा नसतो, मग विकणारा त्याला कितीही पेशवाई म्हणो.

बुडाशी नळी तोडल्याचा व्रण असला की काच हातफुंकीची, एवढेच कळते. हातफुंकीचे काम फिरोजाबादला आजही चालते. त्यापेक्षा गळ्याला जिथे पितळी कडे बसते तिथली झीज पाहावी. ती खरी असली तर वेडीवाकडी, कमीजास्त असते. रेतीने घासून काढलेली सगळीकडे सारखी दिसते. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली एखादी काच हिरवी चमकते, ती युरेनियममुळे. असा माल पुष्कळांनी काढला, म्हणून त्यावरून नाव ठरत नाही.

देशी माल हलका समजून टाकू नये. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, तर कऱ्हाडजवळचा ओगल्यांचा १९१६ चा. त्यांचा 'प्रभाकर' कंदील घराघरांत होता.

झुंबर उतरवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढावा, प्रत्येक लोलकाला चिठ्ठी बांधावी आणि पितळी टोपी काचेपासून वेगळी विकू नये.