दिखाऊ उपचाराने कुत्र्याला गुण कसा आला?

"डॉक्टर, मला फिटसाठी जी गोळी चालू आहे तीच आमच्या मोत्याला दिली तर चालेल का?" असा प्रश्न दवाखान्यात अधूनमधून विचारला जातो. विचारणारा जरा संकोचलेला असतो. माणसांच्या डॉक्टरला कुत्र्याबद्दल कसे विचारावे, असे त्याला वाटते. पण प्रश्न अगदी रास्त आहे. आपण ज्याला फिट, आकडी, मिरगी किंवा फेफरे म्हणतो तो अपस्मार हा विकार कुत्र्यालाही होतो. ब्रिटनमधील पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या नोंदी तपासून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दर हजार कुत्र्यांमागे सुमारे सहा कुत्र्यांना अपस्मार असल्याचे आढळले. माणसांतील प्रमाणही याच्या आसपासच आहे.

फिट आलेला कुत्रा एकाएकी आडवा पडतो, ताठ होतो, पोहल्यासारखे पाय झाडतो. तोंडाला फेस येतो, लघवी होते. बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत हे थांबते. त्यानंतर तो काही वेळ आंधळ्यासारखा भिंतींना धडकत फिरतो आणि या अवस्थेत घरच्या माणसालाही चावू शकतो. म्हणून त्याच्या तोंडात हात, चमचा, पाणी काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा काही उपयोग नाही. माणसाला नाही तसा कुत्र्यालाही नाही. आजूबाजूचे सामान दूर करावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटे झाली तरी फिट थांबत नसेल किंवा एका दिवसात पुन्हा आली तर ताबडतोब पशुवैद्यकाकडे न्यावे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कुत्र्याला रेबीजची लस टोचलेली नसेल, त्याचे वागणे दोन-चार दिवसांत बदलले असेल आणि लाळ गळत असेल, तर "साधी फिट आहे" असे समजून त्याला हात लावू नये. चावा किंवा ओरखडा असेल, अथवा जखमेला लाळ लागली असेल, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. याशिवाय डिस्टेंपर, उंदीर मारण्याचे किंवा गोचिडांचे औषध पोटात जाणे, नुकत्याच व्यायलेल्या कुत्रीच्या अंगातील कॅल्शियम कमी होणे, यांनीही आकडी येते. सहा महिने ते सहा वर्षे या वयात फिट सुरू झाल्या आणि तपासणीत दुसरे कारण सापडले नाही, तर पशुवैद्यक खऱ्या अपस्माराचा विचार करतात.

आता गोळीचे पाहू. फेनिटॉइन ही माणसांत वर्षानुवर्षे वापरली जाणारी गोळी. माणसाच्या रक्तातील तिचे प्रमाण निम्म्यावर यायला सर्वसाधारणपणे दिवसभराचा अवधी लागतो. कुत्र्याचे यकृत हेच काम चार-एक तासांत उरकते. म्हणजे सकाळी दिलेली गोळी दुपारपर्यंत जवळजवळ संपलेली! कार्बामाझेपिन आणि व्हॅल्प्रोएट यांचीही कुत्र्यात अशीच गत होते. म्हणून मोत्याला आपली गोळी देऊ नये. कुत्र्यात उपयोगी पडते ती जुनी फिनोबार्बिटोन. जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांना तिचा हा गुण १९१२ साली दिसला. त्याहून जुने पोटॅशियम ब्रोमाइड. लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ साली त्याचा उल्लेख केला. माणसांच्या उपचारातून ते जवळजवळ हद्दपार झाले, पण कुत्र्यांसाठी अजून वापरतात. अमेरिकेत ४३ कुत्र्यांवर या दोन औषधांची तुलना झाली, ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांच्या उपचारात फिनोबार्बिटोन घेणाऱ्या २० पैकी १७ कुत्र्यांच्या फिट पूर्ण थांबल्या. ब्रोमाइड घेणाऱ्या २३ पैकी १२ कुत्र्यांच्या थांबल्या. मात्रा पशुवैद्यकानेच ठरवायची. रक्त आणि यकृताची तपासणी लागते, आणि गोळी एकदम बंद करणे धोक्याचे असते.

परंतु या विषयावरचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले संशोधन वेगळेच आहे. नवीन उपचाराची चाचणी घेताना काहींना खरा उपचार देतात आणि काहींना दिसायला हुबेहूब तसाच, पण आत काही नसलेला. याला प्लासिबो म्हणतात. माणसात असल्या दिखाऊ उपचारानेही पुष्कळांना बरे वाटते. त्याचे श्रेय आपण मनाला देतो: श्रद्धा होती म्हणून गुण आला. कुत्र्याचे काय? आपल्याला काय दिले, कशासाठी दिले, हे त्याच्या गावीही नसते. मग त्याच्यावर प्लासिबोचा काही परिणाम दिसू नये.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या डॉ. कॅरन मुन्याना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तीन चाचण्यांतील आकडे एकत्र करून २०१० साली प्रसिद्ध केले. दिखाऊ उपचार मिळालेले २८ कुत्रे होते. त्यांपैकी २२ कुत्र्यांच्या फिट कमी झाल्या! आठ कुत्र्यांच्या तर निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाल्या.

हे कसे झाले? अपस्मार सगळे दिवस सारखा नसतो. काही महिने फिट वाढतात, नंतर आपोआप ओसरतात. मालक कुत्र्याला केव्हा घेऊन येतो? फिट अगदी वाढल्या की. म्हणजे पूर जिथे सर्वांत वर चढला तिथे आपण खूण करतो. पुढच्या महिन्यात पाणी उतरणारच असते. मध्यंतरी जे काही दिले त्याला श्रेय मिळते. शिवाय फिट मोजणारा मालकच. उपचार चालू आहे म्हटल्यावर बारीकसारीक झटका "तसा काही खास नव्हता" म्हणून सोडून दिला जातो. चाचणीत भाग घेतल्यामुळे नेहमीच्या गोळ्याही वेळच्या वेळी दिल्या जातात, तो फायदा वेगळाच.

वाचकहो, हे कुत्र्याचे झाले, पण मला माझे रुग्ण आठवतात. घरात कोणाच्या फिट वाढल्या की एखाद्या ठिकाणी नेतात, गंडा बांधतात, अंगारा लावतात. दोन महिने फिट येत नाही. ते खोटे बोलत नसतात. फिट खरोखरच आलेली नसते. बिघडते ते पुढे. "आता गुण आलाच आहे" म्हणून गोळी बंद होते आणि पुढची फिट विहिरीच्या काठावर, चुलीजवळ किंवा मोटरसायकल चालवताना येते. गंडा कोणाला बांधायचा असेल तर त्यावर मी वाद घालत बसत नाही. गोळी मात्र डॉक्टरने सांगितल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही.

हीच कसोटी आधुनिक वाटणाऱ्या उपचारांनाही लावावी लागते. गांजाच्या झाडात कॅनाबिडिऑल नावाचे, नशा न आणणारे द्रव्य असते. त्याचा मोठा गवगवा आहे. अमेरिकेतीलच कोलोरॅडो राज्य विद्यापीठाची अपस्मारी कुत्र्यांवरील चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. शेवटपर्यंत टिकले १६ कुत्रे. नऊ कुत्र्यांना नेहमीच्या औषधांबरोबर हे तेल, सात जणांना प्लासिबो. तेल घेतलेल्यांच्या फिट मधल्या हिशेबाने ३३ टक्क्यांनी घटल्या. ऐकायला छान वाटते. पण फिट निम्म्याने तरी कमी झालेल्या कुत्र्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच निघाले. संशोधन पुढे चालू राहीलच. तोवर कोणी मोत्याला भांग पाजू नये. त्याने कुत्र्याला विषबाधा होते.

ज्यांच्या घरी फिट येणारे माणूस किंवा जनावर आहे, त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा कराव्यात. फिट आली त्या तारखेला फुली, किती वाजता आली आणि किती मिनिटे टिकली ते शेजारी, गोळी चुकली असेल तर गोल. मोबाइलवर फिटचे चित्रण करता आले तर फारच उत्तम. डॉक्टरला त्यावरून पुष्कळ कळते. उपचार बदलल्यावर एक-दोन महिन्यांवर निकाल देऊ नका, जुन्या आणि नव्या सहा-सहा महिन्यांच्या फुल्या मोजा. ते कॅलेंडर वर्ष संपल्यावर रद्दीत घालू नका. पुढच्या तपासणीला येताना सोबत आणा.