वरिष्ठ सभागृहाचा सदस्य आणि भिवंडीचा मतदार

भारतातील बहुतेक राज्यांत विधिमंडळाचे एकच सभागृह आहे. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगणा या सहा राज्यांतच विधानसभेच्या जोडीला विधानपरिषद आहे. परिषदेला वरिष्ठ सभागृह म्हटले जात असले तरी तिचे अधिकार विधानसभेपेक्षा कमी आहेत, आणि तिचे बहुतेक सदस्य थेट जनतेच्या मतांवर निवडून येत नाहीत. त्यामुळे परिषदेचा आमदार नेमके काय काम करतो, त्याला कोण निवडून देते आणि त्याच्या कामाचा हिशेब कसा मागायचा, याची स्पष्ट कल्पना सामान्य मतदाराला क्वचितच असते. यंत्रमाग, गोदामे, जीर्ण इमारती आणि दाट वस्ती असलेल्या भिवंडीसारख्या शहराच्या दृष्टीने ही अस्पष्टता तोट्याची आहे, कारण या शहराचे कितीतरी प्रश्न राज्य सरकारच्या धोरणाशी बांधलेले आहेत आणि त्या धोरणाबद्दल मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यायला लावण्याचा हक्क परिषदेच्या प्रत्येक सदस्याला आहे.

परिषदेची रचना

महाराष्ट्र विधानपरिषदेत ७८ सदस्य आहेत. त्यांपैकी ३० सदस्यांना विधानसभेचे आमदार निवडतात, २२ सदस्य स्थानिक प्राधिकारी मतदारसंघांतून म्हणजे महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदा यांच्या सदस्यांच्या मतांवर येतात, ७ पदवीधरांचे आणि ७ शिक्षकांचे प्रतिनिधी असतात, तर साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा या क्षेत्रांतील १२ जणांना राज्यपाल नामनियुक्त करतात. सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. म्हणून परिषद कधीही एकदम विसर्जित होत नाही आणि विधानसभा बरखास्त झाली तरी परिषदेचे अस्तित्व कायम राहते.

या रचनेमुळे भिवंडीचा परिषदेशी चार मार्गांनी संबंध येतो. भिवंडी पूर्व, भिवंडी पश्चिम आणि अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेला भिवंडी ग्रामीण या मतदारसंघांचे आमदार विधानसभेच्या वतीने होणाऱ्या निवडणुकीत मत देतात. भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेचे नगरसेवक, तसेच तालुक्यातून ठाणे जिल्हा परिषदेवर गेलेले सदस्य ठाणे स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाचे मतदार असतात. शहरातील आणि गावांतील पदवीधर कोकण पदवीधर मतदारसंघात मोडतात, तर माध्यमिक आणि त्यावरील स्तरावर शिकवणारे शिक्षक कोकण शिक्षक मतदारसंघात येतात. शेवटचे दोन्ही मतदारसंघ ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा पाच जिल्ह्यांत पसरलेले आहेत. कोकण पदवीधर मतदारसंघातून २०१२, २०१८ आणि २०२४ अशा सलग तीन निवडणुकांत निरंजन डावखरे निवडून आले, तर कोकण शिक्षक मतदारसंघात २०२३ च्या निवडणुकीत ज्ञानेश्वर म्हात्रे यांनी तत्कालीन सदस्य बाळाराम पाटील यांचा पराभव केला.

मतदानाची पद्धतही वेगळी आहे. मतपत्रिकेवर शिक्का न मारता उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतिक्रम लिहायचे असतात आणि एकाच जागेच्या निवडणुकीत विजयासाठी वैध मतांच्या निम्म्याहून किमान एक मत अधिक लागते. पहिल्या पसंतीच्या मतांत कोणालाच तेवढी मते मिळाली नाहीत, तर सर्वांत कमी मते असलेल्या उमेदवाराला बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती मोजली जाते. पदवीधर आणि शिक्षक यांची मतदारयादी प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होते. आधीच्या यादीत नाव होते म्हणून ते पुढच्या यादीत आपोआप येत नाही, आणि हे माहीत नसल्यामुळे अनेक पात्र मतदार दर सहा वर्षांनी यादीबाहेर राहतात. पदवीधराला पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेली असावी लागतात, तर शिक्षकाने मागील सहा वर्षांत किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरील स्तरावर अध्यापन केलेले असावे लागते. परिणामी महापालिकेच्या मराठी वा उर्दू प्राथमिक शाळेतील शिक्षकाला शिक्षक मतदारसंघात मत नाही. तो पदवीधर असेल तर त्या नात्याने मात्र मत देऊ शकतो.

रोखण्याचा तोकडा अधिकार

कायदे करण्याच्या कामात परिषदेचा अधिकार मर्यादित आहे. विधानसभेने मंजूर केलेले साधे विधेयक परिषद प्रथम जास्तीत जास्त तीन महिने रोखू शकते. विधानसभेने ते पुन्हा मंजूर करून पाठवले तर आणखी एक महिना, आणि त्यानंतर परिषदेची संमती नसली तरी ते दोन्ही सभागृहांनी मंजूर केल्याचे मानले जाते. धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्च यांच्याशी संबंधित विधेयक, परिषदेला चौदा दिवसांच्या आत शिफारशींसह किंवा शिफारशींविना परत करावे लागते आणि त्या शिफारशी स्वीकारणे विधानसभेवर बंधनकारक नसते. मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असल्यामुळे अविश्वासाच्या ठरावाने सरकार पाडण्याचा अधिकारही परिषदेला नाही. राज्यसभेशी तुलना केली की हा फरक ठळक होतो: संसदेत दोन सभागृहांचे मतभेद मिटवण्यासाठी संयुक्त बैठकीची तरतूद आहे, राज्यात तशी तरतूद नाही, आणि राष्ट्रपतींच्या किंवा राज्यसभेच्या निवडणुकीत परिषदेच्या सदस्याला मतही नाही.

मंत्रिपदाच्या बाबतीत मात्र दोन्ही सभागृहांचे दार सारखेच उघडे आहे. विधिमंडळाचा सदस्य नसलेल्या व्यक्तीला मंत्री होता येते, पण सहा महिन्यांत कोणत्याही एका सभागृहाचे सदस्यत्व मिळवावे लागते. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्री झालेले उद्धव ठाकरे मे २०२० मध्ये परिषदेवर बिनविरोध निवडून आले, ते याच तरतुदीमुळे.

विचारण्याचा मोठा अधिकार

सदस्याचे खरे संसदीय काम प्रश्न, सूचना, चर्चा आणि समित्या यांतून उभे राहते. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर सदस्यांना उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. लक्षवेधी सूचनेद्वारे सार्वजनिक महत्त्वाच्या तातडीच्या बाबीकडे मंत्र्याचे लक्ष वेधून त्याला निवेदन करायला लावले जाते. परिषदेच्या नियम ९७ अन्वये अल्पकालीन चर्चा मागता येते, नियम २६० अन्वये एखाद्या विषयावर विस्तृत चर्चेचा प्रस्ताव मांडता येतो, आणि नियम २८९ अन्वये नियोजित कामकाज बाजूला ठेवून तातडीचा विषय घेण्याची मागणी करता येते. याशिवाय औचित्याचा मुद्दा आणि विशेष उल्लेख ही साधने आहेत, तसेच मंत्री नसलेल्या सदस्याला अशासकीय विधेयक किंवा अशासकीय ठराव मांडण्याचा हक्क आहे.

भिवंडीच्या संदर्भात या साधनांचा उपयोग सहज समजतो. शहरातील वीजवितरण हे महावितरण या राज्य सरकारच्या कंपनीने २६ जानेवारी २००७ पासून टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे वितरण फ्रँचायझी म्हणून सोपवले. करार सरकारी कंपनीने केलेला असल्यामुळे त्यातील अटी, देखरेख आणि ग्राहकांच्या तक्रारींची व्यवस्था यांविषयी ऊर्जामंत्र्यांना सभागृहात विचारता येते. यंत्रमागधारकांच्या वीजसवलतीत २७ अश्वशक्तीची मर्यादा महत्त्वाची ठरते. सवलत कोणाला मिळाली, कोण नोंदणीअभावी वंचित राहिले आणि किती रक्कम थकली, हे आकडे वस्त्रोद्योग विभागाकडून लेखी स्वरूपात मिळवण्याचा साधा मार्ग म्हणजे अतारांकित प्रश्न. काल्हेर, राहनाळ, पूर्णा, माणकोली या गावांतील गोदामांची बांधकामे, त्यांच्याकडे जाणारे रस्ते आणि अग्निसुरक्षा हे विषय नगरविकास, महसूल आणि ग्रामविकास अशा अनेक खात्यांत विभागले गेले असल्यामुळे तेथे एका प्रश्नापेक्षा चर्चेचा प्रस्ताव अधिक उपयोगी पडतो.

शिक्षणाच्या क्षेत्रात परिषदेची गरज आणखी स्पष्ट दिसते. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाकारली गेल्याचा प्रश्न, विनाअनुदानित शाळांच्या अनुदानाचे टप्पे आणि शिक्षकांच्या पदांना मान्यता हे विषय शिक्षक आमदारांनी वर्षानुवर्षे सभागृहात मांडले. भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा असल्यामुळे येथील शिक्षकांच्या अडचणींना भाषेनुसार वेगवेगळे पैलू आहेत, आणि ते पैलू पाच जिल्ह्यांच्या विस्तीर्ण मतदारसंघात हरवू नयेत यासाठी शिक्षकांनी आपली माहिती लेखी आणि पुराव्यांसह सदस्यापर्यंत पोहोचवणे आवश्यक ठरते.

प्रश्न विचारून काम संपत नाही. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन नोंदवले जाते आणि त्याची पूर्तता झाली की नाही हे आश्वासन समिती तपासते. लोकलेखा समिती, सार्वजनिक उपक्रम समिती आणि पंचायत राज समिती यांत दोन्ही सभागृहांचे सदस्य असतात. पंचायत राज समिती जिल्ह्यांत जाऊन जिल्हा परिषदेच्या कारभाराची झडती घेते, तर सार्वजनिक उपक्रम समिती सरकारी कंपन्यांचा व्यवहार पाहते. या बैठकांची बातमी क्वचितच होते, पण अधिकाऱ्यांना कागदपत्रांसह उत्तर द्यावे लागते ते याच ठिकाणी, आणि जो सदस्य तयारी करून तेथे बसतो त्याचे काम भाषणांपेक्षा अधिक टिकाऊ ठरते. आमदार निधीतून होणारे रस्ते, गटारे आणि व्यायामशाळा ही कामे फलकांवर दिसतात म्हणून लोकांच्या लक्षात राहतात. परंतु ती संसदीय कामे नव्हेत आणि त्यांवरून परिषदेच्या सदस्याची पारख करणे अपुरे आहे.

परंपरेने दिलेला मापदंड

या सभागृहाने काय साधता येते याची उदाहरणे महाराष्ट्राच्या इतिहासात आहेत. वि. स. पागे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे परिषदेचे सभापती होते आणि रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून ते ओळखले जातात. तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरातील प्रयोगातून आकार घेतलेली ही कल्पना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर उपयोगी पडली, १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. पुणे पदवीधर मतदारसंघाचे ग. प्र. प्रधान अठरा वर्षे परिषदेत होते आणि अभ्यासू, संयमी विरोधकाचा आदर्श त्यांनी घालून दिला. ना. धों. महानोर यांच्यासारखा कवी १९७८ मध्ये नामनियुक्त सदस्य म्हणून आला आणि त्याने शेती व पाणी यांचे प्रश्न सभागृहात नेले. ठाण्याचे महापौर राहिलेले वसंत डावखरे ठाणे स्थानिक प्राधिकारी मतदारसंघातून परिषदेवर गेले आणि १९९८ ते २०१६ या काळात उपसभापती होते. भिवंडीच्या नगरसेवकांचा त्यांच्या निवडणुकांत वाटा होता. या सर्वांची पार्श्वभूमी आणि राजकारण वेगळे होते, पण सहा वर्षांच्या निश्चित मुदतीमुळे मिळणारी सवड त्यांनी अभ्यासासाठी आणि सातत्यासाठी वापरली.

तुटलेला दुवा

परिषदेचे बळ दोन गोष्टींवर अवलंबून असते: सभागृह किती दिवस बसते आणि त्यातील जागा भरलेल्या आहेत की नाहीत. २१ सप्टेंबर २०२० रोजी भिवंडीत धामणकर नाक्याजवळ पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळून तीसहून अधिक लोकांचा मृत्यू झाला, तेव्हा करोनाकाळातील पावसाळी अधिवेशन ७ आणि ८ सप्टेंबर असे दोन दिवसांत उरकलेले होते आणि पुढील अधिवेशन थेट १४ व १५ डिसेंबरला, तेही दोनच दिवसांचे झाले. जीर्ण इमारतींचा प्रश्न ज्या क्षणी सभागृहात लावून धरायला हवा होता, त्या क्षणी सभागृहच भरत नव्हते.

दुसरा दुवा निवडणुका लांबल्याने तुटला. मे २०१७ मध्ये निवडून आलेल्या ९० सदस्यांच्या भिवंडी महापालिकेची मुदत जून २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. त्याच वर्षी ठाणे स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाचे सदस्य रवींद्र फाटक यांचीही मुदत संपली, आणि मतदार असलेले नगरसेवक व जिल्हा परिषद सदस्यच पुरेशा संख्येने नसल्यामुळे ती जागा रिकामी राहिली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणावरील न्यायालयीन वादामुळे रखडलेल्या स्थानिक निवडणुका घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी दिला, तोवर भिवंडीकरांना महापालिकेत नगरसेवक नव्हता आणि त्या महापालिकेच्या वतीने वरिष्ठ सभागृहात बोलणाराही नव्हता. स्थानिक निवडणूक टळली की तिचे नुकसान गल्लीपुरते राहत नाही, ते विधान भवनापर्यंत पोहोचते, ही बाब या काळाने दाखवून दिली.

म्हणून भिवंडीच्या मतदाराने परिषदेकडे दूरची संस्था म्हणून पाहणे योग्य नाही. पदवीधर व शिक्षकांनी प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने नाव नोंदवावे, नगरसेवक निवडताना त्याचे एक मत परिषदेपर्यंत जाणार आहे हे लक्षात ठेवावे, आणि अधिवेशन संपल्यावर आपल्या सदस्याने कोणते प्रश्न विचारले, कोणते आश्वासन मिळवले आणि मागील आश्वासनाचे काय झाले, हे त्याला जाहीरपणे विचारावे. विधिमंडळाच्या कामकाजाची कार्यवृत्ते प्रसिद्ध होत असतात, त्यामुळे हा हिशेब मागणे अवघड नाही. ज्या सदस्याला आपले मतदार कार्यवृत्त वाचतात याची खात्री असते, तो सभागृहात तयारी करून जातो. आणि परिषदेला तोकडे अधिकार देणाऱ्या घटनेने ठेवलेला विचारण्याचा अधिकार भिवंडीच्या कामी येतो तो अशा तयारीनेच.