उमेश यादवची कंबर आणि आपल्या पोरांच्या नडग्या

भरतीची जाहिरात निघाली की वाशिम, रिसोड, मंगरूळपीरच्या रस्त्यांवर पहाटे चार वाजता पोरं पळताना दिसतात. आणि महिनाभरात त्यातली निम्मी लंगडत आमच्याकडे येतात. मागच्या हिवाळ्यात एक आला. म्हणाला, "ताई, नडगी लय दुखते, पण ग्राउंड जवळ आलं. सुई देऊन द्या." आम्ही सुई दिली नाही. त्याने ती दुसरीकडे घेतली, आठ दिवस पळला, नि नवव्या दिवशी पायच टेकवेना. हाडाला बारीक चीर गेली होती.

अशा पोरांना आम्ही आपल्या विदर्भाच्याच उमेश यादवची गोष्ट सांगतो. वडील नागपूरजवळच्या वलनीत कोळसा खाणीत कामगार. उमेशनेही पोलीस भरती दिली होती, ती थोडक्यात हुकली. विसाव्या वर्षापर्यंत तो टेनिस बॉलवरच खेळला. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजीत उतरला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीला भारताकडून पहिली कसोटी खेळला. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत गेलेला तो पहिला.

आणि वर्षभरातच कंबर गेली. नोव्हेंबर २०१२ ला इंग्लंडविरुद्ध अहमदाबादची कसोटी खेळून तो बाहेर पडला. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या घरच्या कसोट्याही हुकल्या. जून २०१३ ला चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकणाऱ्या संघात मात्र तो होता. पुढे डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला षटक अर्ध्यात टाकून पोटरी धरत मैदान सोडले. २०२२ ला इंग्लंडमध्ये मिडलसेक्सकडून खेळताना मांडीचा स्नायू दुखावला. तरीही ५७ कसोट्यांत १७० बळी. प्रत्येक वेळी तो थांबला, बरा झाला, मग परतला. त्याच्यामागे फिजिओ होता, आपल्या पोरामागे कोण आहे? म्हणूनच घरच्यांनी हे समजून घ्यायला हवे.

चेंडू टाकताना पुढचा पाय आदळतो तेव्हा अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार पायावर नि कमरेवर येतो. डांबरी रस्त्यावर पळताना नडगीचेही तेच. हाड रोज थोडे झिजते आणि विश्रांतीत भरून निघते. भरायला वेळच दिला नाही तर चीर पडते. सुईने दुखणे कळेनासे होते, चीर तशीच राहते. वरून दुखण्याच्या गोळ्या उपाशीपोटी महिनाभर खाल्ल्या तर पोट नि किडनी दोन्ही बिघडतात.

स्नायू लचकला तर पहिले दोन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चारदा. पाय उशीवर. तेल लावून रगडणे आणि शेकणे तेव्हा नको. आजीला राग आला तरी चालेल. बोटाने दाबून एकाच जागी हाड दुखत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर पळणे त्याच दिवशी बंद करून जिल्हा रुग्णालयात दाखवा. पहिला एक्स-रे साफ आला म्हणून लगेच पळू नका, बारीक चीर सुरुवातीला दिसत नाही. कमरेसोबत पाय बधिर पडला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर सकाळची वाट पाहायची नाही.

मुलींसाठी वेगळे सांगावे लागते. त्यांना १६०० नाही, ८०० मीटर आहे, पण घरातले पाणी भरणे, सोंगणी कोण मोजतो? पाळी दोन-तीन महिने चुकली तर ती पळण्याची सवय समजू नका. शरीराला अन्न पुरत नाही आणि हाडे ठिसूळ होतात. रक्त तपासा. ताटात वरण, तीळ, अंडी आधी तिला वाढा.

तो नडगीचा पोरगा दोन महिने बसला. ती भरती गेली, आणि त्याचा बाप आमच्याशी बरेच दिवस बोलला नाही. आता तो पुन्हा मैदानात येतो. पहिला आठवडा नुसते चालणे, धावणे नाही, हे आम्ही त्याच्या आईकडून कबूल करून घेतले आहे. ती पहाटे स्वतः सोबत येऊन कठड्यावर बसते.