मंदी ओसरते, यंत्र येत नाही

मंदीच्या बातम्या उत्पादनाच्या असतात. टाळेबंदीमुळे एप्रिल २०२० मध्ये देशाचा औद्योगिक उत्पादन निर्देशांक वर्षभरापूर्वीच्या तुलनेत सुमारे ५७ टक्क्यांनी कोसळला, तेव्हा त्याचे मथळे झाले. पुढच्या वर्षभरात उत्पादन बऱ्यापैकी सावरले, त्याचेही झाले. पण त्याच काळात एखाद्या कारखानदाराने नवे यंत्र मागवायचा बेत रद्द केला, त्याची बातमी झाली नाही. मंदीची खरी किंमत मात्र त्या रद्द झालेल्या बेतात असते.

हिशेब सोपा आहे. एका गिरणीत १०० माग आहेत आणि दरवर्षी १० झिजून बाद होतात, म्हणून गिरणी वर्षाला १० नवे घेते. कापडाची मागणी १० टक्क्यांनी घटली की ९० माग पुरतात आणि त्या वर्षी नव्या मागांची खरेदी शून्यावर येते. गिरणीचा धंदा दहा टक्क्यांनी बसला, पण माग बनवणाऱ्याचा पार बसला. म्हणूनच मंदीत उत्पादनापेक्षा गुंतवणूक कितीतरी जास्त आपटते.

वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात हा हिशेब वेगवेगळ्या रूपांत दिसतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे तिथला कापूस अडला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हिंगणघाटचा कापूस तेव्हा विलायतेच्या बाजारात नावाने ओळखला जाई. युद्ध संपताच भाव गडगडले. तरीही रेल्वेचे काम थांबले नाही आणि १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली. कारण रेल्वे कंपनीला सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. त्या हमीचा भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर होता, हा अन्याय खराच. पण मंदीतही टिकलेल्या त्या गुंतवणुकीच्या आधारावरच पुढे १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि हिंगणघाट, पुलगाव इथे गिरण्या उभ्या राहिल्या.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत चित्र वेगळे होते. जकातीच्या संरक्षणामुळे देशातल्या गिरण्या तगल्या. पण भाव पडल्याने कापूसवाला शेतकरी बुडाला. १९३४ च्या डिसेंबरात गांधीजींनी वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी त्याची धुरा घेतली. तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन अशा कमी भांडवलाच्या धंद्यांतून रिकाम्या हातांना काम देणे, हा त्यामागचा विचार होता. मोठ्या भांडवलाची वाट न पाहण्याचे ते उत्तर होते.

स्वातंत्र्यानंतरचा मोठा धक्का १९६५ ते १९६७ चा. युद्ध, लागोपाठ दोन दुष्काळ, थांबलेली परकीय मदत आणि जून १९६६ मधले रुपयाचे अवमूल्यन यांनी सरकारचे हात बांधले. पंचवार्षिक योजना तीन वर्षे थांबली, सरकारी गुंतवणूक आटली आणि यंत्रे व रेल्वे वाघिणी बनवणाऱ्या कारखान्यांच्या ऑर्डरी घटल्या. त्यानंतर जवळपास दशकभर उद्योगांची वाढ रेंगाळली.

विदर्भातल्या जुन्या गिरण्यांचे दुखणे याहून चिवट होते. वाईट वर्षी नवी यंत्रे लांबणीवर आणि चांगल्या वर्षीही जुनीच चालवायची, असे झाले की पुढच्या मंदीत ती गिरणी टिकत नाही. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. तिच्या जागेवर आज मॉल आहे. पुलगावची मिलही बंद पडली.

पोलादाची कथा वर्ध्याच्या दाराशीच घडली. भूगावचा लॉइड्स स्टीलचा कारखाना नव्वदच्या दशकातला. २०१२ मध्ये तो उत्तम समूहाकडे गेला. पुढे चीनचे स्वस्त पोलाद जगभर आले, ते थोपवायला केंद्राने फेब्रुवारी २०१६ मध्ये किमान आयात दर लावला. तरीही २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, २०२० मध्ये नव्या मालकांचा आराखडा मंजूर झाला आणि आज तो कारखाना एव्होनिथ नावाने चालतो. यंत्रे वाचली, हे महत्त्वाचे. पण मालकी आणि कर्जाचा निवाडा होईपर्यंत विस्तारासाठी पैसा कोण ओतणार?

देशाचे आकडे हेच सांगतात. २०११-१२ मध्ये स्थिर भांडवली गुंतवणूक सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३४ टक्क्यांच्या आसपास होती. २०२०-२१ मध्ये ती सुमारे २७ टक्के होती. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, तरी खासगी गुंतवणुकीने लगेच उसळी घेतली नाही. माल खपेल याची खात्री नसेल, तर वाचलेला कर कर्ज फेडायलाच जातो. २०१४ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सुरू करताना देशाच्या उत्पादनातला कारखानदारीचा वाटा २५ टक्क्यांवर नेण्याचे ठरले होते. तो अजून १७ टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो.

याचा परिणाम बोरगाव मेघेत पाहावा. वर्धा शहराला खेटलेले हे गाव कारभाराने ग्रामपंचायत, पण जनगणनेच्या लेखी नगर. त्यासाठी पुरुष कामकऱ्यांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर असावे लागतात. शेती सुटली, पण त्या प्रमाणात कारखाने आले नाहीत. दुकान, बांधकाम, वाहतूक, दवाखाना, शाळा यांवर अशी गावे वाढतात. हे धंदे कमी प्रतीचे नाहीत. पण कारखान्याचा पगार जिल्ह्यात फिरला तर तेही जोमाने चालतात.

म्हणून मंदीत सरकारने पहिली कात्री भांडवली खर्चाला लावू नये. उलट रस्ते, वीज, रेल्वे यांची कामे तेव्हाच पुढे ओढावीत. आजारी कारखान्याचा निवाडा वर्षांत नव्हे, महिन्यांत व्हावा. आणि वाचकांनीही आपल्या आमदार-खासदारांना एवढेच विचारावे : या वर्षी जिल्ह्यात नवी यंत्रे किती बसली?