व्यावसायिक संकेतस्थळाची निर्मिती : यवतमाळच्या कापूस व्यवसायाच्या संदर्भात

व्यावसायिक संकेतस्थळ म्हणजे मालकांची छायाचित्रे, कारखान्याचे प्रवेशद्वार आणि ‘आमच्याविषयी’ हा मजकूर, असा समज बराच रूढ आहे. वस्तुतः संकेतस्थळाचा आराखडा ते वापरणाऱ्याच्या गरजेतून ठरावयास हवा. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे संगणकाने जोडणारा वारणा प्रकल्प १९९८ मध्ये सुरू झाला. अनेकविध सेवांची कल्पना त्यामागे होती. प्रत्यक्षात ऊस उत्पादक केंद्रावर येत ते प्रामुख्याने उसाचे वजन, तोडणीचा परवाना आणि खताची नोंद यांसाठी. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत हे काम मोबाइलवरील लघुसंदेशाने, कमी खर्चात करून दाखविले.

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या संकेतस्थळाचा विचार याच दृष्टीने करता येतो. वणी किंवा पांढरकवडा परिसरातील शेतकऱ्यास आजचा भाव, ओलाव्यानुसार होणारी कपात, खरेदीची वेळ आणि चुकारा किती दिवसांत मिळेल, एवढे हवे असते. रुईच्या गाठी घेणाऱ्या सूतगिरणीस धाग्याची लांबी, मायक्रोनेअर आणि उपलब्ध गाठींची संख्या हवी असते. दोघांना एकाच पानावर शोधावयास लावले, तर दोघांचाही खोळंबा होतो.

भावाचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. भावाजवळ तारीख व वेळ नसेल, तर तीन दिवसांपूर्वीच्या आकड्यावर विसंबून शेतकरी गाडी भाड्याने करतो, कापूस भरतो आणि कारखान्याच्या दारात त्यास निराळाच भाव ऐकावा लागतो. भरलेली गाडी परत नेणे परवडत नसल्याने मिळेल त्या भावाने तो माल देऊन मोकळा होतो. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्यास पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्याहून अधिक असल्यास नकार, असा दंडक आहे. खासगी खरेदीदारानेही आपला नियम असाच आकड्यांत लिहावा. रोज भाव बदलण्यास माणूस नसेल, तर भावाचे पान न ठेवणेच इष्ट. दूरध्वनी क्रमांक पुरे.

भाषेकडेही असेच दुर्लक्ष होते. २००० नंतरच्या दशकात अनेक मराठी संकेतस्थळे विशिष्ट फाँटवर अवलंबून होती. तो संगणकावर नसल्यास निरर्थक चिन्हे उमटत. युनिकोडमुळे हा प्रश्न सुटला, तरी छपाईचे पत्रक चित्ररूपाने पानावर चिकटविण्याची प्रथा अद्याप दिसते. असे चित्र मंद जोडणीवर उशिरा उमटते आणि दृष्टिबाधितांच्या वाचन-प्रणालीस त्यातून काहीच हाती लागत नाही. पानाची भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये नमूद करावे. अन्यथा काही फाँटांत ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाची उमटतात.

डोमेन नाव व्यवसायाच्याच नावे नोंदवावे, संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याच्या नव्हे. संबंध तुटला की नूतनीकरण राहते आणि नाव हातचे जाते. (२०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ नावेही मिळतात, पण ती वापरणारे विरळा.) एचटीटीपीएस नसलेल्या पानावर क्रोम २०१८ पासून ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दाखवू लागले. सरकीचे तेल वा अन्य माल ऑनलाइन विकावयाचा असेल, तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू होतात. त्यानुसार कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क पानावर द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करावे लागते.